गावाकडची छोटी रेल्वे बंद करून इलेक्ट्रिक बस: प्रवाशाच्या हातात नेमकं काय उरतं?

सांधेवाला | शनिवार, सकाळी ९:१२

मंडळी, हा धागा बऱ्याच दिवसांपासून काढायचा होता. जगात जिथे जिथे ग्रामीण भागातली एकेरी, छोटी रेल्वे तोट्यात चालते, तिथे आता एकच प्रस्ताव पुढे येतो. रूळ काढा, रस्ता करा, इलेक्ट्रिक बस चालवा. दिवसाला दोन-चार फेऱ्या, अर्धे रिकामे डबे, डिझेलचा धूर आणि वर दुरुस्तीचा खर्च, हे सगळं पाहिलं की प्रस्ताव पटतोही. विरोध करणारा माणूस आठवणींत रमलेला ठरतो आणि चर्चा तिथेच संपते.

मला आठवणींवर बोलायचं नाही. गाडीखाली रूळ आहे की टायर, ती डिझेलवर चालते की विजेवर, यापेक्षा प्रवाशाला चार गोष्टी लागतात. दिवसातून किती फेऱ्या आहेत, जंक्शनवर पुढची गाडी मिळते का, एकाच तिकिटावर शेवटपर्यंत जाता येतं का, आणि ही सेवा पाच वर्षांनी असेल याची हमी कोण देतंय. प्रस्तावांच्या कागदात बॅटरीबद्दल पानंच्या पानं असतात, या चार गोष्टींबद्दल एखादं वाक्य असलं तर असतं.

ब्रिटनचा दाखला यात सर्वांत मोठा. मार्च १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. सुमारे ५,००० मैल मार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करावीत अशी शिफारस होती. बंद केलेल्या बऱ्याच मार्गांवर बदली बस दिल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक काही वर्षांतच बंद पडल्या, कारण रेल्वेचा प्रवासी बसकडे वळलाच नाही. ज्याला जमलं त्याने मोटार घेतली, ज्याला जमलं नाही त्याने प्रवास कमी केला. स्कॉटलंडमधल्या एडिंबरापासून इंग्लंडमधल्या कार्लाइलपर्यंतचा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. त्याचा एडिंबराकडचा तुकडा, ट्वीडबँकपर्यंतचा, पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०१५ उजाडलं. एक अख्खी पिढी मधल्या काळात रेल्वेविना राहिली.

बसला माझा विरोध नाही. पण बस कोणत्या अटींवर रेल्वेची जागा खरोखर घेऊ शकते, हे इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

आगारवाला | शनिवार, सकाळी १०:४०

चांगला विषय. मी आयुष्य बसच्या आगारात काढलं आहे, त्यामुळे बसची बाजू मांडतो.

रेल्वेचं स्थानक तिथे असतं जिथे दीडशे वर्षांपूर्वी इंजिनाला चढ सोपा वाटला. गाव असतं दोन-तीन किलोमीटरवर. बस थेट शाळेच्या फाटकाशी, दवाखान्याच्या दाराशी, बाजारात जाते. जपानमध्ये क्यूशू बेटावरचा हिताहिकोसान मार्ग जुलै २०१७ च्या अतिवृष्टीत उद्ध्वस्त झाला. सोएदा ते हिता या सुमारे ४० किलोमीटरच्या टप्प्यावर रूळ परत टाकायचे की नाही यावर कितीतरी वर्षं वाद चालला. शेवटी २८ ऑगस्ट २०२३ ला तिथे बस सुरू झाली, आणि तिच्या ताफ्यात छोट्या इलेक्ट्रिक बसही आहेत. मधला साधारण १४ किलोमीटरचा तुकडा जुन्या रेल्वेच्या वाटेवर, फक्त बससाठी राखलेला. बाकी साध्या रस्त्याने. रेल्वेची १२ स्थानकं होती, बसचे ३६ थांबे झाले. म्हातारा माणूस तिप्पट थांब्यांकडे आधी बघेल, रूळ गेले याकडे नंतर.

पण सांधेवाले म्हणतात ते खरं आहे. रेल्वेऐवजी बस द्यायची तर फेऱ्या वाढल्याच पाहिजेत. बसचं बळ तेवढंच आहे. गाडी लहान, म्हणून ती जास्त वेळा सोडता येते. रेल्वेच्या चार फेऱ्यांच्या जागी बसच्या चारच फेऱ्या देणं म्हणजे प्रवाशाकडून आरामाची जागा काढून घेऊन बदल्यात काहीच न देणं.

कोरडवाहू | शनिवार, सकाळी ११:०५

स्पष्ट बोलतो. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं बसणार असतील तर त्यांच्यासाठी पूल, सिग्नल, फाटकं, गेटमन, स्टेशनमास्तर एवढा पसारा सांभाळायचा? तेवढ्या पैशांत त्याच भागात दिवसभर दर अर्ध्या तासाला बस धावेल. रेल्वे वाचवा म्हणणारे बहुतेक लोक स्वतः मोटारीने फिरतात.

गणिती | शनिवार, दुपारी १२:३०

कोरडवाहूदादा, चाळीस-पन्नास माणसं असतील तर तुमच्याशी सहमत. पण आकडा नीट मोजायला हवा.

जपानमध्ये यासाठी एक माप वापरतात. मार्गाच्या दर किलोमीटरमागे दिवसाला, दोन्ही दिशा धरून, सरासरी किती प्रवासी. १९८० च्या कायद्यात ४,००० च्या खालचे मार्ग बससाठी योग्य मानले गेले. त्यातून ८३ मार्ग निवडले गेले. ४५ ठिकाणी बस आली, ३८ ठिकाणी रेल्वे राहिली, फक्त ती स्थानिक कंपन्यांकडे गेली. म्हणजे त्या काळातही जवळजवळ निम्म्या भागांनी बस नाकारली. २०२३ पासून जो नवा कायदा आहे त्यात १,००० च्या खालच्या मार्गांवर भर आहे. तिथे रेल्वे कंपनी किंवा स्थानिक सरकार केंद्राकडे जाऊन सगळ्यांना एका टेबलाशी बसवू शकतं.

आता समजा हे माप ५०० आहे. दिवसाला एका दिशेने २५०. सरासरीने तास काढले तर एक बस पुरेल असं वाटतं. पण गावाकडचा प्रवास सरासरीने होत नाही. शाळा-कॉलेजची मुलं आणि कामावर जाणारे सकाळच्या एकाच गाडीला असतात. त्यात निम्मी माणसं धरली तरी १२५. रेल्वेचे दोन डबे ती सहज घेऊन जातात, एक चालक आणि फार तर एक गार्ड. बस लागतील तीन, चालकही तीन, आणि त्यांतल्या दोन बस दिवसभर उभ्या. बसचा खर्च ठरतो तो सकाळच्या गर्दीवर. जो प्रस्ताव रोजच्या सरासरी प्रवाशांवर बसची संख्या काढतो, तो पहिल्याच सोमवारी मुलांना थांब्यावर सोडून जाणार.

ऊर्जेचंही सांगते, कारण तिथे दोन्ही बाजू अर्धंच बोलतात. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना होणारा विरोध हा टायरच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी असतो. म्हणून भरलेल्या रेल्वेशी कुणी बरोबरी करू शकत नाही. पण एका डब्याची जुनी डिझेल गाडी किलोमीटरला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल पिते, म्हणजे पाच ते दहा किलोवॅट-तास. १२ मीटर लांबीची इलेक्ट्रिक बस एक ते दीड किलोवॅट-तासात किलोमीटर काढते. वीज कशी तयार झाली तो हिशेब वेगळा, तरी वीस माणसांसाठी बस निश्चितच काटकसरीची. शंभर माणसांसाठी मात्र दोन-तीन बस लागतात, आणि बसची ही आघाडी बरीच कमी होते.

तिसरी घंटा | शनिवार, दुपारी १:१५

एक भाबडा प्रश्न. वीजच आणायची आहे तर रेल्वेलाच का नाही? वरच्या तारांचा खर्च परवडत नाही हे मान्य, पण बॅटरी बसमध्ये बसते तर डब्यात का बसत नाही?

सांधेवाला | शनिवार, दुपारी ३:२०

तिसरी घंटा, प्रश्न भाबडा मुळीच नाही. या प्रस्तावांत तुलना होते ती जुनी डिझेल रेल्वे आणि नवी इलेक्ट्रिक बस यांची. नव्याची तुलना नव्याशी करायला हवी.

जपानमध्ये तोक्योच्या उत्तरेला कारासुयामा नावाचा जेमतेम २० किलोमीटरचा ग्रामीण मार्ग आहे. वर तारा नाहीत. मार्च २०१४ पासून तिथे बॅटरीवरची गाडी धावते. मुख्य मार्गावर तारा आहेत तिथे ती वीज घेते, बॅटरी भरते, मग फाट्यावर वळून बॅटरीवर जाते आणि शेवटच्या स्थानकावर थांबली की तिथल्या तेवढ्याच तारेच्या तुकड्यावर पुन्हा भरते. सगळ्या मार्गावर खांब रोवायची गरज नाही. जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात ऑक्टोबर २०२३ पासून बॅटरी गाड्या प्रवासी सेवेत यायला लागल्या, एकूण ५५ गाड्यांची मागणी होती. छोट्या शाखेला, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणाऱ्या मार्गाला, हे तंत्र खास जुळतं, कारण शाखा लहान असते आणि तिचं एक टोक बहुतेक वेळा विजेच्या मुख्य मार्गाला लागलेलं असतं.

हे सगळीकडे परवडेल असं म्हणत नाही. रूळच खचले असतील, पूल गेले असतील, तर गाडी कोणतीही आणून उपयोग नाही. पण तिसरा पर्याय कागदावर तरी यायला हवा.

भराव आणि मोरी | शनिवार, संध्याकाळी ६:५०

पूल-रस्त्यांच्या कामातला आहे, म्हणून "रूळ काढून त्याच जागी बसचा रस्ता" या कल्पनेवर थोडं विस्ताराने लिहितो. नकाशावर ही कल्पना फार सोपी दिसते, जागेवर तशी नसते.

पहिली अडचण रुंदीची. एकेरी मार्गाचा भराव वरच्या अंगाला पाच-सहा मीटर, नॅरोगेजचा त्याहून अरुंद. बस अडीच मीटर रुंद, आरसे धरून तीन. दोन बस समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. मग मध्ये मध्ये रुंद जागा करायच्या, सिग्नल लावायचे, एका बसने दुसरीची वाट बघायची. म्हणजे रेल्वेचाच एकेरी मार्ग, फक्त डांबराचा. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केसेन्नुमा आणि ओफुनातो या मार्गांवर, २०११ च्या त्सुनामीनंतर, नेमकं हेच केलं. ऑगस्ट २०१२ मध्ये केसेन्नुमाची बस सुरू झाली, मार्च २०१३ मध्ये ओफुनातोची. जुने बोगदे, जुना भराव, एकेरी वाट आणि ठरावीक अंतरावर ओलांडायच्या जागा. फेऱ्या रेल्वेपेक्षा वाढल्या, स्थानकं वस्तीजवळ नेता आली. लांबच्या प्रवासाला मात्र वेळ जास्त लागतो. एप्रिल २०२० मध्ये त्या टप्प्यांवरची रेल्वे कागदोपत्रीही संपली.

दुसरी अडचण वजनाची, आणि इलेक्ट्रिक बसमुळे ती वाढते. बॅटरी धरून १२ मीटरची भरलेली बस १८-१९ टनांपर्यंत जाते, मागच्या आसावर, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्यावर, दहा टनांहून जास्त. आता आपल्याकडची, महाराष्ट्रातली बार्शी लाइट रेल्वे आठवा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये ती सुरू केली तेव्हा सगळी आखणी एका आसावर ५ टन धरून केली होती. रूळ हलके, पूल हलके, म्हणूनच ती इतक्या स्वस्तात बांधता आली. जगभरच्या कित्येक छोट्या रेल्वे याच विचाराने बांधल्या आहेत. अशा पुलावर आजची इलेक्ट्रिक बस घालायची तर गर्डर बदलावे लागतील, आणि रेल्वेच्या गर्डरवर रस्त्याचा पृष्ठभाग नसतोच, तो नव्याने घालावा लागेल. प्रस्तावात "आहेत ते पूल वापरू" असं लिहिलेलं दिसलं की पुलांची तपासणी कुणी केली ते आधी विचारा.

तिसरी गोष्ट, बस साध्या गावरस्त्याने जाणार असेल तर. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांच्या झिजेचा मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला नियम असा, की आसावरचा भार वाढला तर झीज साधारण त्याच्या चौथ्या घातात वाढते. भार दहापट झाला की झीज दहा हजारपट. गावचा रस्ता जीप आणि ट्रॅक्टर धरून केलेला असतो. दिवसाला वीस इलेक्ट्रिक बस गेल्या तर दोन पावसाळ्यांत खडी वर येईल. तो दुरुस्तीचा खर्च बसच्या हिशेबात दिसत नाही, रस्त्याच्या खात्यात जातो. रेल्वेच्या हिशेबात मात्र रूळ, खडी, मोऱ्या, सगळं रेल्वेच्याच माथी असतं. तोट्याचे दोन आकडे शेजारी ठेवताना ही तफावत फार कमी लोक सांगतात.

गणिती | शनिवार, संध्याकाळी ७:३०

भराव आणि मोरी, तुमचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक जनसुनावणीत वाचून दाखवावा असा आहे.

कोरडवाहू | शनिवार, रात्री ९:१०

पुलांचं पटलं. तरीही सांगतो, योग्य वेळी स्वतःहून बस मागणं शहाणपणाचं असू शकतं. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या युबारी गावाचं उदाहरण घ्या. कोळसा खाणींचं गाव, खाणी बंद झाल्या, वस्ती ओसरली, २००७ मध्ये नगरपालिकाच दिवाळखोरीत गेली. २०१६ मध्ये तिथल्या महापौरांनी स्वतः रेल्वे कंपनीकडे जाऊन सांगितलं की १६ किलोमीटरची आमची शाखा बंद करा, पण बदल्यात बससाठी मदत द्या. मार्च २०१९ अखेर गाडी थांबली. रेल्वेच्या रोज पाच जोड फेऱ्या होत्या, बसच्या दहा झाल्या. वाट बघत बसले असते तर गाडीही गेली असती आणि हातात काही उरलं नसतं.

सांधेवाला | रविवार, सकाळी ८:०५

कोरडवाहू, हा दाखला तुम्ही दिलात हे बरं झालं. माझा मुद्दा हाच आहे. युबारीने आधी अटी लिहून घेतल्या, नंतर रूळ सोडले. उलटा क्रम झाला तर गावाच्या हातात सौदा करायला काही राहत नाही.

त्याच त्सुनामीचं दुसरं उत्तरही बघा. केसेन्नुमाच्या उत्तरेला सानरिकू रेल्वे नावाची स्थानिक कंपनी आहे. तिने आपले मार्ग एप्रिल २०१४ पर्यंत पूर्ण उभे केले, आणि मार्च २०१९ मध्ये मियाको ते कामाइशी हा मोठ्या कंपनीचा टप्पाही चालवायला घेतला. एकच किनारा, एकच आपत्ती, आणि शेजारी शेजारी एकीकडे बस, दुसरीकडे रेल्वे. दोन्हीकडे लोकांनी निवड केली, आणि निवड करायला त्यांना वर्षं मिळाली. घाई झाली नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आगारवाला | रविवार, सकाळी ९:४५

आता आगारातल्या तीन गोष्टी, ज्या नकाशावर दिसत नाहीत.

मुक्कामी गाडी. ग्रामीण सेवेचा कणा हीच. रात्री शेवटची बस शेवटच्या गावी जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे पहिली फेरी तिथूनच सुटते. डिझेल बस टाकी भरून गेली की प्रश्न मिटला. इलेक्ट्रिक बसला मात्र रात्री त्या टोकाला वीज हवी. मोठ्या बसची बॅटरी दोनशे ते साडेतीनशे किलोवॅट-तासांची. रात्रभरात ती भरायची म्हणजे पन्नास-साठ किलोवॅटचा भार एका बसमागे. गावातलं रोहित्र आधीच शेतीपंपांनी वाकलेलं असतं. तिथे वेगळं रोहित्र, वेगळी वाहिनी आणि भारनियमनातून सूट मिळाल्याशिवाय मुक्कामी गाडी शक्य नाही. मग होतं असं, की चार्जिंग सोयीचं म्हणून बस रात्री मोठ्या गावच्या आगारात परत येते. शेवटची फेरी रात्री नऊऐवजी सातला सुटते, सकाळची पहिली बस गावात पोचायला साडेसात वाजतात. दूध, भाजी, पहाटेची शहराकडची गाडी, सगळं चुकतं. चार्जिंग कुठे करणार यावर गावाचं वेळापत्रक ठरतं.

दुसरं, चालक. तीन बसना तीन चालक, हे गणितीताईंनी सांगितलंच. माणसं मिळत नाहीत ही आज कित्येक देशांतली अडचण आहे. जपानमध्ये एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामाच्या तासांवर कडक मर्यादा आली. चालकांच्या भल्याचीच ती. पण त्यामुळे आधीच कमी असलेल्या मनुष्यबळात बऱ्याच ठिकाणी ग्रामीण फेऱ्या कमी झाल्या. रेल्वे बंद करताना बसच्या दहा फेऱ्यांचं वचन देणाऱ्याने दहा वर्षांचे चालक कुठून आणणार हे दाखवलं पाहिजे.

तिसरं भारमान, म्हणजे बसच्या जागांपैकी सरासरी किती भरतात ते. बसचा मार्ग बंद करायला कायदा लागत नाही, सुनावणी लागत नाही. भारमान कमी आलं की एक फेरी रद्द होते. फेरी कमी झाली की लोक दुसरी सोय बघतात, भारमान आणखी उतरतं, पुढची फेरी जाते. रेल्वे बंद करायला निदान आदेश काढावा लागतो, तो वर्तमानपत्रात येतो, लोक ओरडतात. बस गुपचूप जाते. हे मी बसवाला म्हणूनच सांगतो.

मधली सीट | रविवार, सकाळी ११:२०

मी चाकाची खुर्ची वापरते, त्यामुळे माझ्या बाजूनेही पाहा. जुन्या छोट्या रेल्वेच्या डब्यात मला कधीच स्वतःहून चढता आलं नाही. फलाट खाली, पायऱ्या उंच, दार अरुंद. कमी उंचीच्या तळाची नवी इलेक्ट्रिक बस, उतरता रॅम्प असलेली, माझ्यासाठी खरी सुधारणा आहे. तेव्हा रेल्वे टिकवा म्हणताना ती कशी आहे तशी टिकवा असं कृपया म्हणू नका. आणि बसवाल्यांनी रॅम्प बसवून थांबू नये. थांब्यावर ओटा नसेल, बस खड्ड्यात उभी राहिली, तर रॅम्प जमिनीला टेकतच नाही.

आगारवाला | रविवार, सकाळी ११:४०

मधली सीट ताई, शंभर टक्के. बस खरेदीच्या निविदेत थांब्याचा ओटा कधीच नसतो, तो दुसऱ्याच कुणाच्या तरी कामात असतो आणि होत नाही. बस आणि थांबे एकाच कामात मागायला हवेत.

शेवटचं स्थानक | रविवार, दुपारी १:००

जमिनीबद्दल कुणीच बोललं नाही. रूळ उचलले की ती लांबट पट्टी विकली जाते, कुणी कुंपण घालतं, कुणी घर बांधतं. मग पुन्हा कधी काही करायचं म्हटलं तर भूसंपादनातच पैसे संपतात. अमेरिकेत १९८३ मध्ये कायद्यात तरतूद केली. रेल्वे बंद झाली तरी पट्टी अखंड राखायची, तोवर तिच्यावर सायकल आणि पायी चालण्याचा मार्ग करायचा, आणि पुढे गरज पडली तर रेल्वे परत आणता यावी. आपल्याकडे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला आणि पाचोरा–जामनेर या नॅरोगेज गाड्या थांबल्या तेव्हा निदान जागेची वाट शिल्लक होती, म्हणून रुंदीकरणाची मागणी तरी करता आली. पाचोरा–जामनेरची गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच.

सांधेवाला | रविवार, दुपारी २:३०

शेवटचं स्थानक, फार महत्त्वाचं. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या ब्यॉब्लिंगन ते डेटनहाउझन या शाखेची प्रवासी सेवा १९६० च्या दशकात थांबली होती, तिथे बस होती. पट्टी शिल्लक राहिली म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये गाडी परत आली, आणि दिवसाला अडीच हजार प्रवाशांचा अंदाज लवकरच मागे पडला. बस तिथे तीस वर्षं होती. तीच गावं, तीच माणसं. गाडी नेमाने, ठरलेल्या अंतराने यायला लागल्यावर माणसं घराबाहेर पडली. प्रवासी नाहीत असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा चांगली सेवाच नसते.

आता एक विचारतो. उद्या कुठल्याही भागात असा प्रस्ताव आला आणि हरकती मागवल्या, तर पहिली मागणी कोणती करावी?

भराव आणि मोरी | रविवार, दुपारी ३:१०

माझ्या मते पट्टी सार्वजनिक मालकीत अखंड राहील, हे आदेशातच लिहून घ्यावं. बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं, विकलेली जमीन परत येत नाही.

गणिती | रविवार, दुपारी ४:००

मी मोजणीवर अडून बसेन. बीचिंग यांच्या अहवालासाठी वाहतुकीची मोजणी झाली ती एप्रिल १९६१ मधल्या एकाच आठवड्यात. समुद्रकिनाऱ्यावरच्या ज्या शाखा उन्हाळ्यात भरून वाहायच्या, त्या त्या आठवड्यात रिकाम्या दिसल्या. शिवाय तिकिटाचे पैसे जिथे तिकीट विकलं त्या स्थानकाच्या नावावर जमा होत. मोठ्या शहरातून किनाऱ्याला येणाऱ्या माणसाचं उत्पन्न शहराच्या खात्यात, आणि शाखेच्या खात्यात फक्त परतीला कुणी तिथे तिकीट काढलं तर तेवढं. शाखा बंद केल्यावर मुख्य मार्गाचेही प्रवासी गेले, ते याच हिशेबात दडलेले होते.

तेव्हा मोजणी शाळा चालू असताना, सुगीत, यात्रेच्या दिवसांत आणि पावसाळ्यात, अशी वेगवेगळ्या महिन्यांत व्हावी. शाखेवरून पुढे मुख्य मार्गाने गेलेल्या प्रवाशाचं पूर्ण तिकीट शाखेच्या नावापुढे दिसावं.

कोरडवाहू | रविवार, संध्याकाळी ५:२५

मी बसच्या बाजूचा, तरी गणितीताईंची मागणी मान्य. खरा आकडा पुढे आला आणि तो चाळीस-पन्नासच निघाला, तर मग बस मागायला कुणाला लाज वाटू नये.

आगारवाला | रविवार, संध्याकाळी ६:४०

माझी मागणी सोपी आहे. रेल्वे बंद करण्याआधी एक वर्ष बस रेल्वेच्या बरोबरीने चालवून दाखवा. रेल्वेच्याच तिकिटावर आणि पासावर, जंक्शनवर गाडी उशिरा आली तर बस थांबेल या अटीसह, आणि मुक्कामी गाडी शेवटच्या गावी ठेवून. एका वर्षात पावसाळा, परीक्षा, उन्हाळा सगळं येतं. बॅटरी उन्हात किती चालते, रोहित्र टिकतं का, चालक मिळतात का, मधली सीट ताईंना थांब्यावर चढता येतं का, सगळं डोळ्यांसमोर येईल. लोक आपणहून बसमध्ये बसायला लागले तर बंदीचा आदेश काढताना कुणी आडवं येणार नाही. खर्च एक वर्ष दुप्पट होईल हे मान्य. पूल आणि पट्टी कायमची गमावण्यापेक्षा तो कमीच आहे.

सांधेवाला | रविवार, रात्री ८:१५

आगारवाले, या मागणीत तुम्ही थांबण्याची अट घातलीत ती मोलाची. पण बस किती वेळ थांबेल तेही लिहून घ्यायला हवं. पुढच्या गावांतली माणसं तिची वाट बघत असतात, त्यांचाही विचार आहेच. शेवटच्या फेरीला जंक्शनची गाडी येईपर्यंत, मग कितीही उशीर होवो, आणि दिवसाच्या फेऱ्यांना पंधरा मिनिटं, कारण मागून दुसरी बस आहेच. हे चालेल का? तुमच्याकडे चालकाच्या ड्यूटीचे तास यात बसतील का तेवढं सांगा, म्हणजे हरकतीचा मसुदा इथेच टाकतो.

आगारवाला | रविवार, रात्री ८:५०

दिवसाची पंधरा मिनिटं बसतील. शेवटच्या फेरीसाठी मुक्कामी चालकाची ड्यूटी दुपारनंतर सुरू करावी लागेल, आणि गाडी फारच उशिरा आली तर सकाळची पहिली फेरी दुसऱ्या चालकाला द्यावी लागेल, त्याची विश्रांती पुरी व्हायला हवी. म्हणजे शेवटच्या गावी दोन चालकांची राहायची सोय. मसुद्यात तीही लिहा.